दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणरायाला वंदन करून बोलायला उभा राहतो. या माईकवर दरवर्षी प्राध्यापक येतात, कीर्तनकार येतात, कधी नागपूरहून कुणी लेखक येतात. मी डिप्लोमावाला उपयंत्री. आमच्या खात्यात बोलायचं काम साहेबांचं आणि टेप धरून मोजायचं काम आमचं. तेव्हा आज आकडे जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

विषय मला सचिवांनी दिला, आणि त्याला कारण घडलं. पंधरा दिवसांपूर्वीच्या बैठकीत आपल्या मुलांनी मागणी केली, की यंदा पांढुर्णा ते जामसावळी सायकल शर्यत ठेवा, पहिल्याला अकरा हजार रुपये. रक्कम द्यायला एक दातेही तयार झाले. मी तेव्हा नुसतं "थोडं थांबा" म्हणालो. मुलांना वाटलं, हा माणूस स्वतः लाखाची सायकल घेऊन फिरतो आणि आपल्याला अडवतो. लाखाची नाही हो, बावीस हजारांची आहे, तीही हप्त्यावर घेतलेली. पण मुलांचा राग मला कळतो. म्हणून मी का थांबवलं आणि त्याऐवजी काय करता येईल, ते आज सांगतो.

आधी घरातली गोष्ट. आमचे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. घर पांढुर्ण्यात, शाळा चौदा किलोमीटरवरच्या खेड्यात. काळी बावीस इंची ॲटलस, कॅरिअरला बांधलेला पंप आणि हँडलला डब्याची पिशवी. अशी बावीस वर्षं. मी एकदा हिशेब केला. वर्षाचे शाळेचे दिवस २२० धरले तरी १ लाख ३५ हजार किलोमीटर होतात. म्हणजे पृथ्वीला तीन फेऱ्या मारून चौथीलाही हात घातला असता. मी मोठ्या कौतुकानं बाबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "आणि पावसाळ्यात नाल्यातून खांद्यावर सायकल घेऊन गेलो, ते कशात धरलंस?"

त्याच ॲटलसवर मी नळीखालून पाय घालून कैची शिकलो. पुढे नोकरी लागली, मोटारसायकल आली, सायकल माळ्यावर गेली. बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आली आहे, काहीतरी हालचाल करा. तेव्हा पुन्हा सायकलीवर बसलो. पहिल्या दिवशी पांढुर्ण्याहून बाहेर पडून पाच किलोमीटरवर गेलो आणि परत येताना दोनदा उतरलो. अशा माणसाला वर्षभरात कुणीतरी सांगितलं, की नागपुरात दोनशे किलोमीटरची ब्रेवे असते, या.

ब्रेवे म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे. मूळ शब्द फ्रेंच. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात सायकलनं पार करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस आणि १००० ला पंचाहत्तर तास. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. चहा, जेवण, पंक्चर, झोप, सगळं त्यातच. वाटेत ठरावीक ठिकाणी कंट्रोल असतात. तिथे कार्डावर शिक्का आणि वेळ घ्यायची. एका वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केले, तर त्या माणसाला सुपर रँडोनियर म्हणतात.

आता यातली गंमत ऐका. यात पहिला नंबर नाही. सात तासांत आलेला आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांत आलेला, दोघांची नोंद सारखीच. उलट फार लवकर आलात तरी पंचाईत, कारण कंट्रोल उघडायचीही वेळ ठरलेली असते. २०० किलोमीटरचा शेवटचा कंट्रोल पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत उघडतच नाही. म्हणजे ज्याला शर्यत करायची आहे त्यानं दुसरीकडे जावं, हे नियमातच लिहून ठेवलं आहे. आणि दुसरा नियम असा, की मागे गाडी घेऊन कुणी पाणी-केळी देत येऊ शकत नाही. घरच्या माणसाची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर. मधल्या रस्त्यात तुम्ही आणि तुमची सायकल.

या दुसऱ्या नियमानं माझ्या घरात भांडण लावलं. माझी पहिली दोनशेची ब्रेवे नेमकी आपल्याच बैतूल रोडला होती. नागपूरहून सकाळी सहाला निघून सावनेर, केळवद करत पांढुर्ण्याच्या थोडं पुढे यायचं आणि त्याच रस्त्यानं परत. डिसेंबरचा महिना. सौ.ला वाटलं, नवरा गावावरून जाणार, तर फाट्यावर उभं राहावं. थर्मासात चहा, डब्यात धिरडी, सोबत शेजारच्या काकू. मी आलो, थांबलो आणि म्हणालो, "अगं, हे घेता येत नाही. कंट्रोल पुढे आहे." ती म्हणाली, "कोण बघतंय?" मी म्हणालो, "कुणी नाही बघत, पण कार्डावर सही माझी आहे." तशी ती काही न बोलता डबा बंद करून घरी गेली. काकू मात्र बोलल्या, ते इथे सांगत नाही.

परतताना केळवदच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जवळ जादा ट्यूब होती. पण दुकानदारानं दिलेली ट्यूब जाड व्हॉल्व्हची आणि माझ्या रिमाचं भोक बारीक व्हॉल्व्हचं. घरी कधी घालून पाहिली नव्हती. सायकल ढकलत दीड-दोन किलोमीटरवर एका पंक्चरवाल्याकडे गेलो. म्हातारा माणूस. त्यानं घासून, सोल्युशन लावून ठिगळ झकास बसवलं, पण त्याच्या पंपाचं तोंड माझ्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. मग मागून येणाऱ्या एका सायकलवाल्याची वाट बघत बसलो. त्याच्याजवळ छोटा पंप होता. या सगळ्यात पाऊण तास गेला. नागपूरला पोचलो तेव्हा सात वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मुदत साडेसातची. बावीस मिनिटं उशीर.

तिथे बसलेल्या मुलीनं मला खुर्ची दिली, चहा दिला, पोहे दिले. कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, मुदतीबाहेर. मी काहीतरी सांगायला लागलो, पंक्चर वगैरे. ती ऐकून घेत होती, पण पेन खाली ठेवलेलं होतं. दोनशे किलोमीटर मी खरोखर चालवले होते, आणि कागदावर ते झाले नव्हते. एवढा मोठा माणूस, त्या रात्री बसमध्ये रडू आलं, हे कबूल करायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात परत गेलो आणि बारा तास चाळीस मिनिटांत पूर्ण केले. पण मला शिकवलं पहिल्या खेपेनं.

हे नियम केले कुणी? त्यासाठी फ्रान्सला जावं लागतं. १८९१ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रानं पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्ट गावापर्यंत आणि परत अशी साधारण १२०० किलोमीटरची शर्यत ठेवली. शार्ल तेरों नावाच्या माणसानं ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. तेव्हा ती खरी शर्यत होती. त्यानंतर इटलीत १८९७ मध्ये काही जणांनी एका दिवसात, सूर्य मावळायच्या आत, रोमहून नेपल्स गाठलं. २३० किलोमीटर. त्यांना लोक ऑडॅक्स म्हणाले, म्हणजे लॅटिनमध्ये धाडसी. तो शब्द फ्रान्सनं उचलला आणि १९०४ मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियन निघाला. आजही जगात कुठेही ब्रेवे पूर्ण झाली, नागपुरात झाली तरी, तिची नोंद या क्लबाकडे जाते आणि क्रमांक पॅरिसहून येतो.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची शर्यत पुढे बंद पडली आणि तिची ब्रेवे झाली. आता ती दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये असते. मुदत नव्वद तास. २०१९ मध्ये जगभरातून सहा हजारांहून जास्त लोक होते आणि त्यात आपल्या देशाचे तीनशेहून अधिक. पण आपले बहुतेक जण नव्वद तासांत परत आले नाहीत. माझ्यासारखेच मुदतीबाहेर. कारणं ऐकली तर आपल्याला पटतील. तिथे सपाट रस्ता जवळपास नाहीच, सगळी चढ-उताराची कटकट. ऑगस्टातही रात्री कडाक्याची थंडी. वाहतूक उजव्या बाजूनं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे झोप. चार दिवसांत मिळून आठ-दहा तास झोपायचं, तेही शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर रस्त्याकडेला.

पण मला त्यातली वेगळीच गोष्ट भावली. त्या रस्त्यावर लहान लहान गावं आहेत. आपल्याकडे मोहखेड-रामाकोना आहेत ना, तशी. त्या गावातले लोक रात्री दोन वाजता घरासमोर टेबल मांडून बसतात. कॉफी, सूप, त्यांच्याकडची धिरडी, त्याला क्रेप म्हणतात. येईल त्या सायकलवाल्याला देतात. काही घरी पैसे घेत नाहीत. म्हणतात, घरी पोचल्यावर तुमच्या गावचं एक पोस्टकार्ड पाठवा. मग त्या घरांच्या भिंतीवर जगभरातली कार्डं लागतात. आणि हे नियमात बसतं, कारण टेबल एकासाठी नसतं, सगळ्यांसाठी असतं. मी हे सौ.ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या दिवशी सगळ्यांसाठी धिरडी केली असती, तर चाललं असतं का?" चाललं असतं! माझ्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं.

आता दुसऱ्या देशांत काय चालतं, ते पाहू. सायकल तीच, पण प्रत्येक ठिकाणच्या माणसांनी तिला आपल्या गावचं वळण दिलं आहे.

इंग्लंडमध्ये गावातल्या छोट्या सभागृहातून निघतात, संध्याकाळी तिथेच येऊन चहा-केक. वाटेत शिक्का मारायला माणूस नसेल, तर पेट्रोल पंपाची किंवा दुकानाची पावती दाखवायची, नाहीतर कार्डावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं, म्हणजे अमक्या चौकातल्या पाटीवर काय लिहिलं आहे. जपानमध्ये तर जागोजागी चोवीस तास उघडी छोटी दुकानं आहेत. तिथली पावती हाच कंट्रोल, आणि तिथलाच भाताचा गोळा हे जेवण. आपल्याकडे एटीएमच्या पावत्या चालवल्या आहेत लोकांनी. पैसे नसले तरी शिल्लक बघायची, चिठ्ठी घ्यायची!

नेदरलँडमध्ये फ्रीजलँड म्हणून प्रांत आहे. तिथे बोल्सवर्ड गावाहून निघून अकरा गावं फिरायची, एकूण २३५ किलोमीटर, एका दिवसात. १९१२ पासून चालू आहे. पंधरा हजार माणसं जातात. प्रत्येक गावात कार्डावर शिक्का. हातात महागडी सायकल पाहिजे असं काही नाही. बाजाराला जायची सरळ दांड्याची सायकल घेऊन आजोबा निघतात. तो देशच ताटासारखा सपाट, तेव्हा चढाची भीती नाही, पण वारा समोरून आला की रडवतो म्हणतात. गावोगावी बँड वाजत असतो, पताका लागलेल्या असतात. आपल्याकडे पालखी येते तेव्हा जसं अंगण सारवतात, तसंच ते.

स्वीडनमध्ये वेटर्न नावाच्या मोठ्या तलावाला प्रदक्षिणा घालतात. १९६६ पासून. आधी ३०० किलोमीटर होतं, आता ३१५. जूनमध्ये तिथे रात्र नीट होतच नाही, म्हणून रात्रीतून एकेक टोळी सोडतात. वाटेतल्या ठाण्यांवर ब्लूबेरीचं गोड सूप आणि मिठातली काकडी. आपल्याला ऐकून कसंतरी वाटेल, पण उन्हात आपण शेंगदाण्याबरोबर गूळ खातो आणि वरून ताकात मीठ टाकतो, तसाच तो हिशेब आहे. घामातून जे जातं ते परत द्यायचं.

आणि अमेरिकेत आयोवा नावाचं शेतीचं राज्य आहे. मका आणि सोयाबीन. सोयाबीन म्हटल्यावर आपल्या शेतकऱ्यांनी कान टवकारले असतील. तिथल्या एका वर्तमानपत्राच्या दोन पत्रकारांनी १९७३ मध्ये ठरवलं, राज्य सायकलनं ओलांडायचं आणि वाटेत जे दिसेल ते पेपरात लिहायचं. वाचकांना म्हणाले, यायचं तर या. लोक आले, आणि ते आजवर चालू आहे. जुलैत आठवडाभर. पश्चिमेच्या मिसूरी नदीत मागचं चाक बुडवून निघायचं आणि पूर्वेच्या मिसिसिपीत पुढचं चाक बुडवून थांबायचं. रोज एका गावी मुक्काम, शाळेच्या मैदानात तंबू. गावातलं चर्च पाय नावाचा गोड पदार्थ विकतं आणि त्या पैशातून छपराची दुरुस्ती करतं. घड्याळ नाही, शिक्का नाही. फ्रान्सचा रँडोनियर याला सहल म्हणेल. पण विचार केला तर आपल्या वारीला सगळ्यात जवळचं हेच आहे. मुक्काम ठरलेले, गावं ठरलेली, आणि गावकऱ्यांना आधीपासून माहीत, की अमक्या दिवशी एवढी माणसं येणार. नाशिकचे सायकलवाले पंढरपूरची सायकल वारी करतात, ती याच जातीची. त्यात वेळेची मुदत कुणी विचारत नाही, पांडुरंग काही कंट्रोल बंद करून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग शर्यत करणारे वाईट का? मुळीच नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत, रेस अक्रॉस अमेरिका, एकट्यानं पूर्ण केली. साधारण ४८०० किलोमीटर, मुदत बारा दिवस. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजार किलोमीटरहून जास्त. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीनं अमेरिकेची तीच शर्यत केली होती. ही आपली माणसं, अभिमान वाटलाच पाहिजे. पण या शर्यतीत मागे गाडी असते, त्यात माणसं असतात, रात्रभर त्या गाडीचे दिवे सायकलवाल्याच्या पाठीवर असतात. वर्षानुवर्षांची तयारी असते. आपल्या मुलांच्या मागे कोण असणार आहे? जामसावळीच्या रस्त्यावर संत्र्यांनी भरलेली पिकअप, कापसाची बैलगाडी, उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल आणि मधोमध बसलेली म्हैस. मी रस्त्याच्या कामावर असतो. कुठे पटरी खचली आहे आणि कुठे डांबर आणि मुरमात चार बोटांचा फरक आहे, ते मला माहीत आहे. अकरा हजार रुपये डोळ्यांसमोर असलेला सोळा वर्षांचा मुलगा ते चार बोटं बघणार नाही.

हे मी हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावात अशीच शर्यत झाली. गाव सांगत नाही. वळणावर एक मुलगा समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि दोन दात गेले. मोटारसायकलवाला भाजी घेऊन घरी चालला होता, त्याचाही पाय मोडला. त्या मुलाला उचलून गाडीत घातलं तेव्हा मी तिथे होतो. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न होता, "कितवा आलो?" म्हणून बैठकीत माझ्या तोंडून "थोडं थांबा" निघालं.

आधीच पांढुर्णा म्हटलं की बाहेरची माणसं फक्त गोटमार विचारतात. सौंसरवाले निदान जामसावळीचा मारोती सांगून सुटतात. आता आपला वेगळा जिल्हा झाला आहे, तर दुसरंही काहीतरी सांगता यावं.

माझी सूचना अशी आहे. पांढुर्ण्याहून सौंसर, तिथून जामसावळी, आणि त्याच रस्त्यानं परत. अंतर शंभराच्या आतच बसतं. मुदत सात तास. म्हणजे रमतगमत, चहा पीत, एखादं पंक्चर काढूनही होतं. दिवस डिसेंबरातला रविवार, सकाळी उजाडल्यावर निघायचं आणि दुपारी उन्हाच्या आत परत. पहिला-दुसरा नंबर नाही. मुदतीत आलेल्या प्रत्येकाच्या कार्डावर शिक्का आणि मंडळाचं प्रमाणपत्र, नावं यादीत बाराखडीच्या क्रमानं. कुठलीही सायकल चालेल, शाळेत मिळालेलीही. ब्रेक मात्र आम्ही तपासू. हेल्मेट सगळ्यांना, यात सूट नाही. सोळा वर्षांखालच्या मुलासोबत घरचं मोठं माणूस सायकलवरच पाहिजे, मोटारसायकलवर नाही. आणि दात्यांना माझी हात जोडून विनंती, की ते अकरा हजार हेल्मेटांना द्या. मी दुकानात चौकशी केली आहे, बरीच येतील, आणि पुढच्या वर्षीही तीच वापरता येतील.

मुलांना माझं एवढंच सांगणं, की ज्याला जोरात जायचं त्यानं जावं, कुणी धरून ठेवणार नाही. पण सौंसरच्या कंट्रोलवर आठच्या आधी शिक्का मिळणार नाही. बसा, चहा प्या, मागून येणाऱ्या काकांची वाट बघा.

आता मोठ्यांसाठी. सौंसरात शिक्का मारायला दोन माणसं लागतील, सकाळी साडेसातपासून दुपारी बारापर्यंत. तिथे राहणाऱ्या आपल्या चार-पाच कुटुंबांपैकी कुणीतरी पुढे यावं. रस्त्यावरच्या गावांत ज्यांची घरं, शेतं किंवा सोयरे आहेत, त्यांनी घरासमोर एक टेबल मांडावं. पाण्याचा माठ, सोललेली संत्री, गूळ-शेंगदाणे, बास. फक्त आपल्या मुलासाठी वेगळा डबा ठेवू नका. जे असेल ते येईल त्याला. पहिल्या टेबलाची धिरडी आमच्या घरून येतील, तसं सौ.नं मला आज इथे येण्यापूर्वीच सांगितलं आहे, आणि काकूही सोबत आहेत.

बाबा पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांचं वय एक्क्याऐंशी. ते सायकल चालवणार नाहीत, पण निघण्याच्या ठिकाणी घड्याळ त्यांच्या हातात राहील. मास्तर आहेत. एक मिनिटही इकडचं तिकडे होऊ देणार नाहीत, पोरांनो, हे आधीच लक्षात ठेवा.

नावं सचिवांकडे द्या. आरती झाल्यावर मंडपाच्या डाव्या बाजूला मी माझी सायकल उभी करून ठेवतो. पंक्चर कसं काढायचं, ते ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं. येताना आपली ट्यूब घेऊन या, म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या रिमात बसतो की नाही ते आजच कळेल.

गणपती बाप्पा मोरया.